खेळाची वाटणी कशी असावी?

हिंवाळा लागला म्हणजे शाळा-महाविद्यालयांतून सामन्यांचा हंगाम सुरू होतो. घरांतील मुलें पहाटे उठून मैदानावर जातात, संध्याकाळीं गुडघे फोडून परत येतात, आणि रात्रीं पानावर बसल्यावर एकच वाद चालतो : यंदा कोण जिंकणार ? आम्हांस मात्र पुष्कळ वर्षें सामने पाहिल्यानंतर असें वाटूं लागलें आहे कीं, हा प्रश्न दुसरा होय. पहिला प्रश्न निराळाच आहे. कोणाला कोणाच्या गटांत घातलें, आणि कां ? याचें उत्तर ज्याच्या हातीं, निम्मा निकाल त्याच्या हातीं.

एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस हें चटकन् पटेल. वाटणीच्या वेळीं भाऊ भांडतात ते जमिनीच्या एकंदर मोलावरून थोडेच. विहीर कोणाकडे, रस्त्यालगतचा तुकडा कोणाला, यावरूनच खरी तेढ पडते. वारशाच्या बाबतींत आपल्या शास्त्रकारांनीं मिताक्षरा आणि दायभाग असे दोन पंथ करून ठेवले. खेळाच्या वाटणीचे पंथ आमच्या मतें तीन आहेत : जन्मावरून, गांवावरून आणि बळावरून. अलीकडे परदेशांत चौथाही निघाला आहे, तो पैशावरून. या चारही पंथांची थोडी परीक्षा आज करावयाची आहे.

जन्मावरून केलेली वाटणी आपल्याच मुंबईनें जगाला दाखविली. युरोपीय विरुद्ध पारशी असे सामने तेथें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाले. १९०७ सालीं त्यांत हिंदू आले, १९१२ सालीं मुसलमान आले, १९३७ सालीं उरलेल्यांचा ‘इतर’ या नांवाचा संघ आला. आणि तिरंगी, चौरंगी, पंचरंगी अशीं नांवें क्रमानें पडत गेलीं. खेळ उत्तम होत असे, हें कबूल केलें पाहिजे. १९२६ सालीं इंग्लंडहून आलेल्या संघाविरुद्ध नागपूरचे सी. के. नायडू हिंदू संघाकडून खेळले आणि त्यांनीं १५३ धांवा काढल्या. परंतु जन्म हीच जेथें पात्रता, तेथें गुणाची परीक्षा अर्धवटच होते. पाळवणकर बाळू यांनीं १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचें नायकत्व त्यांच्या जातीमुळें त्यांना कधीं मिळालें नाहीं. तें १९२३ सालीं त्यांचे बंधु विठ्ठल यांना मिळालें. हस्तिनापुरच्या रंगभूमीवर कर्ण उभा राहिला, तेव्हां कृपाचार्यांनीं त्याला आधीं कुळ विचारलें आणि मग धनुष्याची गोष्ट काढली. तो प्रश्न आपल्या समाजानें मैदानावर फार काळ विचारला, आणि विचारणारे बहुतेक आपल्यासारख्या घरांतीलच होते, हें विसरून चालणार नाहीं. १९४० च्या अखेरीस महात्मा गांधींनीं या सामन्यांविरुद्ध आपलें मत दिलें, आणि १९४६ नंतर ते बंद पडले. बंद पडले तें बरेंच झालें.

दुसरा पंथ गांवावरून, म्हणजे प्रांतावरून. १९३४ सालीं रणजी करंडकाचे सामने सुरू झाले ते याच तत्त्वावर. प्रांताचा संघ, आणि जवळच्या प्रांतांचा एक विभाग. या व्यवस्थेंत एक मोठा गुण आहे : शेजाऱ्याशीं खेळ होतो. शेजाऱ्याशीं खेळलेला सामना कोणी विसरत नाहीं. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत संस्कृत शिकविणारे प्रा. दि. ब. देवधर यांच्या नायकत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० आणि १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें हा करंडक जिंकला. संस्कृतचा शिक्षक बॅट घेऊन उभा राहूं शकतो, याचा आम्हांस आमच्या सबंध नोकरींत फार आधार वाटत आला.

पण याच व्यवस्थेंत एक मोठा दोषही आहे. शेजारी फार बलाढ्य असला, तर दुसऱ्यानें काय करावें ? मुंबईनें १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत पंधरा वर्षें ओळीनें रणजी करंडक आपल्याकडे ठेवला. पश्चिम विभागांत महाराष्ट्र, बडोदें, गुजरात, सौराष्ट्र हे सारे तिच्या शेजारीं. विभागांतून एकच संघ पुढें जावयाचा असा नियम असल्यामुळें या चौघांची वाट दरसाल दारांतच अडत असे. मग १९७०-७१ पासून प्रत्येक विभागांतून दोन संघ पुढें घेण्याचें ठरलें. वाचकहो, पुढें काय झालें तें पाहा. त्याच वर्षीं अंतिम सामना झाला तो मुंबई आणि महाराष्ट्र यांचा ! देशांतील दुसऱ्या क्रमांकाचा संघ पहिल्याच्या शेजारीं राहतो, एवढ्याच अपराधाबद्दल तो मागें पडत होता, याहून अधिक स्पष्ट पुरावा कोणता हवा ?

आतां आमच्या विदर्भाकडे वळूं. मध्यप्रांत आणि वऱ्हाड या नांवाचा संघ रणजीच्या आरंभापासून होता. पुढें राज्यांचे नकाशे बदलले, आणि १९५७-५८ पासून विदर्भ या नांवानें आमचा संघ मध्य विभागांत खेळूं लागला. उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान आणि रेल्वे हे त्याचे सोबती. त्यानंतर कितीतरी वर्षें विदर्भाचें नांव वर्तमानपत्रांत शोधावें लागे, आणि सांपडलें तर बहुधा पराभवाच्या बातमींतच सांपडे. ‘विदर्भाशीं सामना म्हणजे सराव’ असें बाहेरचे लोक म्हणत. आम्हीही निमूटपणें ऐकून घेत होतों.

साठ वर्षें अशीं गेलीं. मग १ जानेवारी १९१८ नव्हे, २०१८, हें वर्षारंभाचेंच तारीखपत्र उजाडलें, आणि विदर्भानें इंदुरास दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव करून रणजी करंडक जिंकला. त्या अंतिम सामन्यांत रजनीश गुरबाणी यांनीं लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन बळी घेतले, आणि अक्षय वाडकर यांनीं १३३ धांवा केल्या. त्याआधीं कलकत्त्यास कर्नाटकाशीं झालेला उपांत्य सामना अवघ्या ५ धांवांनीं जिंकला होता. दुसऱ्या वर्षीं, म्हणजे २०१८-१९ च्या हंगामांत, नागपुरास सौराष्ट्राला हरवून करंडक राखला. २०२३-२४ सालीं अंतिम सामन्यांत मुंबईकडून हार झाली. आणि २०२४-२५ सालीं केरळाविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला, तरी पहिल्या डावांतील ३७ धांवांच्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे आला.

हें कसें झालें ? येथेंच तिसऱ्या पंथाचा, म्हणजे बळावरून केलेल्या वाटणीचा, विचार केला पाहिजे. २००२-०३ पासून रणजीचे जुने भौगोलिक विभाग मोडून वरचा गट व खालचा गट, त्यांच्या भाषेंत ‘एलिट’ व ‘प्लेट’, असे दोन वर्ग पाडण्यांत आले. शाळेंत आम्ही ‘अ’ तुकडी आणि ‘ब’ तुकडी करीत असूं, तसाच हा प्रकार. विदर्भाची बरीच वर्षें ‘ब’ तुकडींत गेलीं. पुष्कळांना हा अपमान वाटला. आमचें मत निराळें आहे. जो मुलगा ‘अ’ तुकडींत रोज मान खालीं घालून बसतो, तो ‘ब’ तुकडींत पहिल्यांदा हात वर करतो. बरोबरीच्यांशीं खेळून जिंकण्याची संवय लागते, आणि संवय लागल्याखेरीज मोठ्याशीं उभें राहण्याचें धैर्य येत नाहीं. मात्र ‘ब’ तुकडीचें दार वर उघडें असलें पाहिजे. तें उघडें होतें म्हणूनच २०१०-११ सालीं खालच्या गटांतून आलेल्या राजस्थाननें थेट करंडकच नेला, आणि पुढच्या वर्षीं तो पुन्हां जिंकून पहिला विजय योगायोगाचा नव्हता हें सिद्ध केलें.

या वाटणीचा दुसरा एक परिणाम हिशेबाच्या वहींत दिसतो. एका हंगामांत सर्वांत अधिक बळी घेण्याचा मान १९७४-७५ पासून बिशनसिंग बेदी यांच्याकडे होता. त्यांचे बळी ६४. २०१८-१९ सालीं नऊ नवे संघ रणजींत आले आणि ते सारे एकाच खालच्या गटांत घातले गेले. त्याच वर्षीं बिहारच्या आशुतोष अमन यांनीं त्या गटांत ६८ बळी घेऊन बेदींचा विक्रम मागें टाकला. पुढें २०२४-२५ सालीं विदर्भाच्या हर्ष दुबे यांनीं वरच्या गटांत खेळून ६९ बळी घेतले. आंकड्यांत फरक एकाचा. परंतु नव्या संघांच्या फलंदाजांसमोर घेतलेला बळी आणि मुरलेल्या फलंदाजांसमोर घेतलेला बळी यांचें वजन एक असूं शकत नाहीं. अमन यांच्या कष्टांस आम्ही कमी लेखत नाहीं. समोर जो उभा केला त्यालाच त्यांनीं बाद करावयाचें होतें. आमचें म्हणणें इतकेंच, कीं आंकडा वाचतांना गटही वाचावा. त्याच २०१८-१९ सालीं खालच्या गटांत पहिला आलेला उत्तराखंड पुढच्या फेरींत नागपुरास विदर्भाशीं खेळला आणि एक डाव व ११५ धांवांनीं हरला, हेंही त्याच वहींत लिहिलेलें आहे.

कोणी म्हणतील, विदर्भ जिंकला तो मुंबईच्या उसन्या बळावर. शिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे, वसीम जाफर मुंबईचे. पुढें २०२४-२५ च्या अंतिम सामन्यांत शतक काढणारे करुण नायर कर्नाटकाचे. हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. पाहुणा आला म्हणून घर त्याचें होत नाहीं. कर्णधार फैज फजल, अक्षय वाडकर, गुरबाणी, आदित्य सरवटे हे येथेंच वाढलेले. आणि खापरखेड्याजवळच्या कोळशाच्या खाणींत ज्यांचे वडील कामाला होते ते उमेश यादव २०११ पासून देशाकडून कसोटी सामने खेळले. शिवाय इतिहासाचा एक हिशेब येथें चुकता झाला, असें आम्ही मानतों. नायडू नागपुरांत १८९५ सालीं जन्मले. १९२३ सालीं होळकर महाराजांनीं त्यांस आपल्या सैन्यांत अधिकार देऊन इंदुरास नेलें, आणि पुढें होळकरांच्या संघानें चार वेळां रणजी करंडक जिंकला. त्या वेळीं आमचा गुणी पुरुष आश्रयासाठीं बाहेर गेला. शंभर वर्षें भरत आलीं तेव्हां बाहेरचे गुणी आमच्याकडे आले, आणि विदर्भानें पहिला करंडक उचलला तो इंदुरांतील होळकरांच्याच नांवाच्या मैदानावर. दोष पाहुण्यांत नसतो. पाहुण्यांच्या भरंवशावर घरची मुलें बसवून ठेवणें यांत तो असतो. आणि विदर्भानें तसें केलें नाहीं.

चौथ्या पंथासाठीं अमेरिकेकडे पाहिलें पाहिजे. तेथें महाविद्यालयांचा फुटबॉल हा खेळ देशव्यापी वेडाचा विषय आहे. हा आपला पायांनीं खेळावयाचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातांत घेऊन धांवण्याचा आणि धडका देण्याचा तो खेळ आहे. १९०५ सालीं त्यांत इतके विद्यार्थी दगावले, कीं अध्यक्ष रूझवेल्ट यांस मध्यें पडावें लागलें, आणि त्यांतूनच पुढें सर्व महाविद्यालयांची क्रीडासंस्था निघाली. शेजारच्या विद्यापीठांनीं मिळून संघटना करावयाची आणि आपसांत फुटबॉल, बेसबॉल वगैरे सारे खेळ खेळावयाचे, ही तेथली जुनी रीत. ‘बिग टेन’ म्हणजे ‘थोर दहा’ ही त्यांतली जुनी संघटना १८९६ सालची, मध्यभागांतील विद्यापीठांची. पुढें दूरचित्रवाणीच्या करारांचा पैसा आला, आणि शेजार मोडला. २०२४ सालीं पॅसिफिक किनाऱ्यावरील जुन्या संघटनेच्या बारा विद्यापीठांपैकीं दहा बाहेर पडलीं व दोनच उरलीं. चार गेलीं थोर दहांत, त्यामुळें त्या दहांची संख्या आतां अठरा झाली आहे ! पॅसिफिक किनाऱ्यावरचीं दोन विद्यापीठें अटलांटिक किनाऱ्याच्या नांवाच्या संघटनेंत जाऊन बसलीं. आपल्याकडे दशग्रंथी म्हटला म्हणजे निदान दहा ग्रंथ तरी मोजून भरतात. तेथें नांवाचा आणि संख्येचा संबंधच सुटला.

हंसून सोडण्याजोगी ही गोष्ट नाहीं. फुटबॉलचे सामने आठवड्यास एकच असतात, म्हणून त्या खेळाडूंचें निभावतें. पण बेसबॉल किंवा व्हॉलीबॉल खेळणारे विद्यार्थी व विद्यार्थिनी यांनाही त्याच संघटनेमागून सबंध खंड ओलांडून जावें लागतें, आणि परत येऊन वर्गांत बसावें लागतें. पैसा फुटबॉलनें आणला, आणि प्रवास इतरांच्या वांट्याला आला. एकत्र कुटुंबांत मिळवत्या भावाच्या सोयीनें घर हलविलें, तर शिकणाऱ्या मुलांचें काय होतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

आतां आपल्या विद्यापीठांकडे. आंतरविद्यापीठ मंडळ १९२५ सालीं स्थापन झालें, आणि क्रिकेटचा रोहिंटन बारिया चषक १९३५ सालीं सुरू झाला. विद्यापीठांच्या सामन्यांसाठीं देशाचे पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण असे चार विभाग आहेत, आणि आमचें संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ पश्चिम विभागांत मोडतें. क्रिकेटच्या नियामक मंडळानें मात्र विदर्भ मध्य विभागांत घातला आहे. म्हणजे एकच मुलगा विद्यापीठाकडून पश्चिमेचा आणि विदर्भाकडून मध्याचा. सकाळीं एका गोत्राचा, संध्याकाळीं दुसऱ्या ! यांत कोणाचें मोठें नुकसान आहे असें नाहीं. पण विभाग ही निसर्गानें आंखलेली वस्तु नव्हे, माणसांनीं टेबलाशीं बसून ओढलेली रेघ आहे, आणि ती बदलतां येते, एवढा बोध यांतून घ्यावा.

रेघेचा खरा भार कोणावर पडतो तें आमच्या धारणीवरून दिसतें. धारणी मेळघाटांतील तालुक्याचें गांव. येथून मध्य प्रदेशांतील बऱ्हाणपूर व खंडवा जवळ. अमरावती मात्र हरिसाल, सेमाडोह, परतवाडा असा जंगलांतला घाटरस्ता धरून दीडशे किलोमीटरांच्या आसपास, आणि नागपूर त्याच्याही पुढें तितकेंच. अमरावतींत श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी १९१४ सालीं स्थापन झालेली संस्था आहे, जिच्या चमूनें १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं आपले देशी खेळ जगाला करून दाखविले. व्यायामाची एवढी परंपरा ज्या जिल्ह्यांत, त्याच जिल्ह्याच्या या टोंकाचीं मुलें मैदानापर्यंत पोंचतां पोंचतांच निम्मीं थकतात.

आम्ही नोकरींत असतांना कबड्डीचा व खोखोचा संघ घेऊन कैक वेळां या रस्त्यानें गेलों. पहांटे अंधारांत एस्. टी. धरावयाची. संघांत बहुतेक कोरकू मुलें, पायांनीं काटक, बोलावयास लाजरीं. घाटांत दोघांतिघांना ओकाऱ्या व्हावयाच्या. दुपारीं मैदानावर उतरावें, डब्यांतली भाकरी खावी, आणि शहरांतल्या ताज्या तवान्या संघासमोर उभें राहावें. सामने बाद पद्धतीचे. पाऊण तासांत हार, आणि हार म्हणजे घर. ज्या मुलानें आठ महिने सराव केला, त्याला सबंध वर्षाचा खेळ म्हणून हा पाऊण तास मिळे. एकदां परत येतांना एका मुलानें विचारलें, “गुरुजी, आणखी एक सामना हरावयाला मिळाला नसता का ?” आम्ही त्याला त्या वेळीं उत्तर दिलें नाहीं. आज जें लिहीत आहों, तें त्याचेंच उत्तर आहे.

आमचें मत असें. जन्मावरून केलेली वाटणी गेली ती परत येऊं नये. पैशावरून केलेली वाटणी येऊं पाहील, तिला दारांत थांबवावें. उरल्या दोन. पहिली फेरी गांवावरून व्हावी, आणि ती रस्त्याचा विचार करून व्हावी, नकाशावरील रंगाचा नव्हे. तिच्यांत साखळी पद्धति असावी, म्हणजे प्रत्येक संघाला निदान तीन सामने मिळतील. तिच्यांतून एक नव्हे, दोन संघ पुढें जावे. १९७०-७१ चा धडा तोच आहे. दुसरी फेरी बळावरून व्हावी. दुर्बळ संघांनीं आपसांत खेळावें, आणि त्यांच्यांतील पहिल्यास वर जाण्याचें दार उघडें असावें. याखेरीज हंगामाबाहेर धारणीच्या मुलांनीं बऱ्हाणपूर-खंडव्याच्या मुलांशीं मैत्रीचे सामने खेळावे. राज्याची सीमा गांवाजवळ आहे, म्हणून ती खेळाच्या मैदानावरही असली पाहिजे असें नाहीं.

यावर खर्चाचा आणि परीक्षेच्या दिवसांचा आक्षेप निघेल. त्याचें उत्तर सोपें आहे. दीडशे किलोमीटर जाऊन एक सामना खेळण्याऐवजीं चाळीस किलोमीटरांवर तीन खेळले, तर गाडीभाडें वाचतें, रात्रीचा मुक्काम वाचतो, आणि मुलें दुसऱ्या दिवशीं वर्गांत हजर असतात. मुलींच्या संघांस तर याचा दुप्पट फायदा ; कारण लांबच्या मुक्कामाच्या नुसत्या नांवानें घरचीं वडील माणसें नकार देतात, आणि त्या मुली कोणत्याच आंकड्यांत मोजल्या जात नाहींत.

दुर्बळाला नुसती दया दाखविली तर तो दुर्बळच राहतो, आणि नुसतें बलाढ्यांसमोर उभें केलें तर खचतो. त्याला आधीं बरोबरीचे सोबती द्यावे, पुरेसे सामने द्यावे, आणि मग वरचें दार उघडें ठेवावें. विदर्भाला याकरितां साठ वर्षें लागलीं. मेळघाटांतील मुलांस तितकीं लागूं नयेत. आमच्या वाचकांपैकीं जे कोणी महाविद्यालयांच्या किंवा विद्यापीठाच्या क्रीडासमित्यांवर असतील, त्यांनीं पुढल्या हंगामाचे गट पाडतांना टेबलावर एकदां रस्त्यांचा नकाशाही पसरावा, एवढीच आमची विनंति आहे.